वकीलबाई आपल्याच आहेत

३ मार्च, सकाळी ७
काल फॅक्टरीवर सरकारी छापा. आमच्या बाटलीबंद पाण्यात जंतू निघाले म्हणे. टेस्ट रजिस्टर उचलून नेलं. पानोपानी ‘जंतू: शून्य’ आणि खाली माझी सही. अक्षर मात्र सुरेख.
साहेबांनी खांद्यावर हात ठेवला. म्हणाले, घाबरू नकोस, मोठ्या वकीलबाई केल्यात. बावीस वर्षांच्या नोकरीचं चीज झालं.
संकल्प: वकीलबाईंपासून काही लपवायचं नाही. बाकी जगाशी मौन.

४ मार्च
मौन मोडलं. बायकोला सांगितलं. बायको म्हणजे काही जग नव्हे.
म्हणाली, अहो, पण ही बाई तुमची वकील की त्यांची? मी म्हटलं, कंपनी आणि मी काय वेगळे आहोत?
ती पाणी उकळत होती. कंपनीचं, फुकट मिळणारं, तेही उकळते. माहेरची सवय. मला काय, मी घरी चहाच पितो.

६ मार्च, दुपार
वकीलबाईंच्या टेबलावर दुसऱ्याच कंपनीची पाण्याची बाटली. खटकलं. मन मोठं केलं.
आधी त्यांनी एक कागद वाचून दाखवला. मी कंपनीची वकील आहे, तुमची नाही. तुम्ही सांगाल ते कंपनी तपास अधिकाऱ्यांना देऊ शकते. हवा तर स्वतःचा वकील करा. औषधाच्या खोक्यात बारीक अक्षरातला कागद असतो, तसलंच. सही ठोकली.
मग मन मोकळं केलं. जंतू सापडले की मी साहेबांच्या केबिनमध्ये जायचो. ते म्हणायचे, गाडी भरलीय, शून्य लिही. लिहायचो.
इतकं शांतपणे माझं आजवर कुणी ऐकून घेतलं नव्हतं.

९ मार्च
खिशातली वहीही बाईंना देऊन आलो. खरे आकडे तिच्यात आहेत, तारीखवार. साहेबांचं नाव कुठेच नाही. इमान म्हणतात ते हेच.
बायको म्हणाली, झेरॉक्स तरी काढलीत का? संशयी स्वभाव.

१५ मार्च
साहेब फोन उचलत नाहीत. कामात असतील. गेटवर वॉचमनने माझं कार्ड काढून घेतलं. नवं देणार असतील.

२२ मार्च, सकाळी ११
समन्स आलं. आरोपी क्रमांक एक: मी. क्रमांक दोनसाठी पान उलटलं. कोरं.
सोबत कंपनीचं निवेदन. एका कर्मचाऱ्याने वरिष्ठांना अंधारात ठेवून खोट्या नोंदी केल्या. खरे आकडे त्यालाच माहीत होते. त्याची खासगी वही सोबत जोडली आहे. खाली सही साहेबांची. त्यांच्या वडिलांच्या आजारपणात अकरा दिवस मी हॉस्पिटलात बसलो होतो. तेव्हा म्हणाले होते, तू घरचाच.
वकीलबाईंना फोन केला. म्हणाल्या, मी पहिल्याच दिवशी सांगितलं होतं. या डायरीची मागची पानं चाळली. सहा तारीख. खरंच सांगितलं होतं. माझ्याच सुरेख अक्षरात आहे.
संकल्प: स्वतःचा वकील शोधणे. कोण चांगला, ते वकीलबाईंनाच विचारा... खोडलं.
बायकोने पाण्याचा ग्लास पुढे ठेवला. मी विचारलं, माहेरीही पाणी उकळायचीस ना? म्हणाली, छे. तुम्ही हे पाणी आणता, पण स्वतः पीत नाही, हे लक्षात आलं तेव्हापासून उकळते.
आज प्यायलो.