बगळा छाप कात्र्यांची माझ्यामागची व्यवस्था

मी, खाली सही करणारी, वय वर्षे बहात्तर, धंदा कात्र्या बनवणे, हे मृत्युपत्र राजीखुशीने लिहून ठेवत आहे. गुडघे कुरकुरतात, पण डोके ठिकाणावर आहे. तसा डॉक्टरांचा दाखला सोबत जोडला आहे. माझ्यावर कोणाचाही दबाव नाही. दबावाखाली मी आजवर काही केलेले नाही, हे दोन्ही मुलांना ठाऊक आहे. यापूर्वी मृत्युपत्र केलेले नाही, तेव्हा हेच पहिले आणि हेच शेवटचे समजावे.

१. राहते घर, म्हणजे कारखान्याच्या वरचा मजला, मुलगा व मुलगी यांना निम्मे निम्मे. रस्त्याकडची खोली मुलाला, त्याला वर्दळ आवडते. मागची मुलीला, तिला झोप आवडते. स्वयंपाकघर सामाईक. त्यावरून वाद झाल्यास आदल्या दिवशी ज्याने भांडी घासली त्याचे म्हणणे ग्राह्य धरावे.

२. बँकेतील ठेव मुलाला. ती मोडताना बहिणीचा सल्ला घ्यावा. सक्ती नाही, पण माझी इच्छा आहे.

३. खालचा कारखाना यंत्रांसह मुलीला. नुसती दोन पाती जोडून कात्री होत नाही. पात्यांना किंचित बाक द्यावा लागतो, तेव्हा ती टोकापर्यंत एकमेकांना धरून कापत जातात. तो बाक मुलीच्या हातात उतरला आहे. मुलाच्या हातात उतरला नाही, यात त्याचा दोष नाही.

४. बगळा. हे कलम लांब आहे.

आमच्या डब्यावरचा, चोच उघडी टाकून डावीकडे पाहणारा हा बगळा माझ्या नवऱ्याने काढला. नवरा गेल्यावर दिराने वाटणी मागितली. त्यात गैर काही नव्हते; धंदा दोघा भावांचा होता. मोठ्या रस्त्यावरचे दुकान त्याने घेतले, कारखाना आणि बगळा माझ्याकडे आले. वाटणीच्या कागदावर सही करताना तो म्हणाला, "वहिनी, चित्र तुम्हीच ठेवा. चित्रानं काय पोट भरतं?" मी ते चित्र रीतसर माझ्या नावावर नोंदवून घेतले.

पुढे कित्येक वर्षांनी मागच्या गल्लीतली टेलरीणबाई हाताला बँडेज बांधून आली. जाड कापड कापताना कात्रीचा स्क्रू निसटला आणि पाते अंगठ्यात घुसले होते. "काकू, जन्मभर तुमचीच कात्री वापरते. हिच्या बाबतीत असं कसं झालं?" मी कात्री हातात घेतली. माझी नव्हती. डबा तसाच पिवळा, नाव तेच, फक्त बगळा उजवीकडे पाहत होता. तिच्या औषधपाण्याचे मी पाहिले. कात्री माझी नसली तरी तिने माझ्या नावावर विश्वास ठेवून ती घेतली होती.

माल दिराच्या दुकानातला होता. मी आधी त्याच्याकडे गेले. त्याने बसायला खुर्ची दिली आणि म्हणाला, "उडणाऱ्या पाखरावर कोणाची मालकी असते का, वहिनी?"

"उडणाऱ्या नसेल भाऊजी, डब्यावरच्या आहे."

तो हसण्यावारी नेऊ लागला, तशी मी उठले.

घरी मुलगा म्हणाला, "आई, काकाला नोटीस? लोक काय म्हणतील?"

"लोक आत्ताच म्हणतायत, की आपल्या कात्र्या हात कापतात."

वकीलबाईंकडे मी तावातावाने गेले. नोटिशीत तुरुंग हवा, बेइज्जती हवी, त्याच्या भावाच्या चितेचा उल्लेख हवा. त्यांनी सगळे ऐकून घेतले. "काकू, राग वेगळ्या कागदावर लिहा आणि तो घरी ठेवा. नोटिशीत एवढंच: चिन्ह कोणाचं, नक्कल कुठे सापडली, आपल्याला काय हवंय आणि कधीपर्यंत. जे करणार नाही ते लिहायचं नाही. पोकळ धमक्या दिल्या तर उलट तेच आपल्याला कोर्टात खेचतील."

नोटीस गेली. उत्तर आले की, आमचा पक्षी बगळा नसून करकोचा आहे आणि त्याचे तोंडही दुसरीकडे आहे. डब्यावर मात्र मोठ्या अक्षरांत 'बगळा' असेच होते. करकोच्याला वाचता येत नसावे. वकीलबाईंनी दुसऱ्या नोटिशीसोबत दोन्ही डब्यांचे फोटो, नोंदणीची प्रत आणि टेलरीणबाईंचा जबाब जोडला. त्या दिवसांत दिराच्या घराकडे जाणारा रस्ताच मी सोडला होता. वळसा पडे, पण चालत असे.

मग एका सकाळी जाऊ कारखान्याच्या दारात उभी राहिली. फडक्यात गुंडाळलेला ठसा तिने ऐरणीवर ठेवला. "ताई, त्या बाईचा हात मी पाहून आलेय. ह्यांना सांगितलं, कोर्टात मला विचारलं तर मी खोटं बोलणार नाही." तिच्या मागे, रस्त्याच्या कडेला, दीर उभा होता. ना आत येई, ना जाई.

मी म्हटले, "भाऊजी, आत या. उन्हात उभं राहून हमीपत्रावर सही होत नाही."

त्याने सही केली. बगळा पुन्हा वापरणार नाही, उरलेला माल मोडीत काढेन, टेलरीणबाईंची बुडालेली मजुरी भरून देईन. तीनही गोष्टी त्याने पाळल्या, हे इथे नमूद करते. मी नुकसानभरपाई मागितली नाही. सही झाल्यावर तो खाली मान घालून म्हणाला, "दुकान चालत नव्हतं, वहिनी."

"मग तेव्हाच यायचं होतं. माझाच माल विकायला दिला असता." तो पुढे दिलाही. आज त्याच्या दुकानात खऱ्या बगळ्याखेरीज दुसरी कात्री नाही.

५. तर तो बगळा, त्याची नोंदणी व सर्व ठसे मुलीला. मुदत संपण्याआधी नोंदणीचे नूतनीकरण करावे, आळस करू नये. कोणी नक्कल केल्यास आधी स्वतः जाऊन बोलावे, मग नोटीस, मग कोर्ट. ऊठसूट नोटिसा मात्र काढू नयेत. मुलाने एकदा बगळ्याचे चित्र लावणाऱ्या लॉन्ड्रीला नोटीस पाठवण्याचा घाट घातला होता. लॉन्ड्री कात्र्या विकत नाही आणि पांढरेपणा आपल्या नावावर नोंदलेला नाही. मुलाने स्वतः बहिणीला न विचारता बगळा वापरला, तर त्यालाही हाच क्रम लागू.

६. मृत्युपत्राची अंमलबजावणी वकीलबाईंनी करावी. त्यांनी होकार दिला आहे.

७. माझ्या दिरास मी काहीही देत नाही.

हे कलम त्याला वाचून दाखवले, तेव्हा त्याने कागद हातात घेऊन ते पुन्हा वाचले. मग म्हणाला, "इतकी वर्षं झाली, वहिनी. अजून मनात आहे?"

"मनात असतं तर बोलावलं नसतं. ज्याला काही मिळतं त्याची साक्ष कच्ची पडते, भाऊजी. उद्या मुलं भांडली तर ही सही माझीच, मी शुद्धीवर होते, हे सांगायला मला तुम्ही हवे आहात. माझ्याहून लहान आहात, तब्येत सांभाळा."

साक्षीदाराच्या बायकोलाही मृत्युपत्रातून काही मिळू नये, असे वकीलबाई म्हणाल्या. म्हणून जावेसाठी बनवलेली मोठी कात्री मी तिला आजच हातात दिली. तिची धार पाहायला तिने पदराचा सुटलेला धागा कापला.

वरील मजकूर मी स्वतः लिहिला, पुन्हा वाचला व साक्षीदारांदेखत सही केली.

ठिकाण: कारखान्याच्या वरचा मजला, रस्त्याकडची खोली
दिनांक: ७ फेब्रुवारी २०२५

सही: कात्रीवाल्या काकू

आमच्यासमोर सही झाली. लिहिणारी पूर्ण शुद्धीवर होती.

साक्षीदार पहिली: मागच्या गल्लीतली टेलरीणबाई
साक्षीदार दुसरा: दीर. मला यात काही दिलेले नाही, हे वाचून सही केली.