कोपरा कापलेलं कार्ड

॥ श्री ॥
खारघर, ४ नोव्हेंबर

ती. विजयमाला आत्यास,
जाईचा शि. सा. न. वि. वि.

आधी गोड बातमी. माझं लग्न ठरलं! मुलाचं नाव केयूर, महापेला माझ्याच ऑफिसात आहे. कारल्याची भाजी मागून खातो, त्यामुळे आईला तो माझ्यापेक्षा जास्त आवडतो. लग्न आठ फेब्रुवारीला, इथेच.

पत्रिका जानेवारीत छापू, पण लोकांनी सुट्ट्या आत्ताच टाकाव्यात म्हणून 'सेव्ह द डेट' पाठवायचं आहे. म्हणजे नुसतं कळवायचं, की बाबांनो, ही तारीख राखून ठेवा. त्यावरून घरात युद्ध पेटलंय. आई म्हणते, पोस्टाने कार्डं पाठवू. बाबा म्हणतात, ईमेल. रिटायर झाल्यापासून त्यांना कॉम्प्युटरचं वेड लागलंय. एकशे ऐंशी नातेवाइकांची यादी करून बसलेत. एक बटण दाबलं की काम फत्ते, म्हणतात.

पण खरी गोम मला कळलीय. तुझ्याकडे ईमेल नाही. ईमेल केलं की तुला कळवायचा प्रश्नच मिटला. वास्तुशांतीच्या भांडणाला सहा वर्षं झाली गं, सख्खी भावंडं तुम्ही आणि अजून बोलत नाही. बारशाला माझ्या कानात नाव तू सांगितलंस. तू नसलीस तर माझा पाय बोहल्यावर पडणार नाही. फोनवर तुला ऐकू येत नाही, म्हणून हे लिहितेय.

माया आहेच, ती निदान फेब्रुवारीपर्यंत तरी टिकव.

तुझी,
जाई


महाड, ११ नोव्हेंबर

चि. जाईस,
अनेक उत्तम आशीर्वाद.

पत्र वाचून डोळे भरले, मग कारल्याचं वाचून हसू आलं. कारलं मागून खाणारा एकतर साधा असतो, नाहीतर लबाड. साधा असू दे बाई.

आता ऐक. तुझ्या बापाने वास्तुशांतीला मला ग्रुपवर मेसेज टाकला. सख्ख्या बहिणीला! ऑफिसातले, सोसायटीतले आणि मी, सगळे एका रांगेत. मी आले नाही, तर 'मेसेज बघायचास ना' म्हणून वर मलाच ऐकवलं. लहानपणी याचं शेंबडं नाक मी पुसलं, ते काय मेसेज टाकून पुसलं?

ईमेल ज्यांना धाडायचं त्यांना खुशाल धाडा. माझ्या दारात अजून पोस्टमन येतो. तुझ्या बापाचं, श्यामचं बोलावणं पोस्टाने आलं तरच मी लग्नाला येईन, आणि पत्ता त्याच्या हातचा पाहिजे. नाही आलं, तर इथूनच अक्षता टाकीन. आणि रडणार नाही, हे त्याला सांग.

तुझ्या आईला, स्मिताला म्हणावं, गुडघ्याला तेल लावत जा. या म्हातारीचा विसर पडू देऊ नका.

तुझी,
आत्या


खारघर, ३ डिसेंबर

ती. आत्यास,
शि. सा. न. वि. वि.

कुठल्या तोंडाने लिहू तेच कळत नाही.

शेवटी आमचं ठरलं होतं, की तरुणांना ईमेल आणि मोठ्यांना कार्ड. तुझा पत्ता घालायला आईने बाबांना बसवलं. ते तीन दिवस पेन घेऊन बसले आणि उठले. म्हणाले, तूच घाल. म्हणून तो आईच्या अक्षरात आला.

कार्डाचा गुन्हा मात्र माझा. राखाडी रंग, मधे बारीक अक्षरात तारीख, कुंकवाचं बोट नाही आणि एक कोपरा तिरका कापलेला. छापणारासुद्धा म्हणाला, एकदम क्लास. पत्राचा कोपरा फाडलेला म्हणजे कोणीतरी गेलं, हे मला काय माहीत? आयुष्यात मला पोस्टाने आलेलं पहिलं पत्र तुझं!

तू म्हणालीस ते माझ्या डोक्यातून जात नाही. वर स्मिताचं अक्षर, आत कापलेला कोपरा, मग वाचायचं काय राहिलं? चष्मा न लावताच फाडलंस, डोक्यावरून पाणी घेतलंस आणि एसटीत बसलीस. फोन तरी करवायचा कुणाकडून! आणि इथे दार उघडलं ते बाबांनीच, बनियानवर, डोक्याला कलप लावून. आधी तू त्यांच्या एक मुस्काटात दिलीस, मग गळ्यात पडून रडलीस. मला वाटलं, सुटलो. तर डोळे पुसून म्हणालीस, मी मयताला आले होते, घरी आले नाही. घरचं बोलावणं अजून यायचंय. आणि घोटभर पाणीही न पिता परत गेलीस.

तू गेल्यावर बाबा कलप न धुता बाल्कनीत बसून राहिले. आता त्यांचे कानही काळे झालेत. आईने उरलेली कार्डं माळ्यावर टाकली, सगळ्यांना ईमेल गेलं.

रागाव, पण टाकू नकोस.

तुझी,
जाई


खारघर, ५ डिसेंबर

ती. आक्कास,
श्यामसुंदरचा शि. सा. नमस्कार.

तीन दिवस पेन घेऊन बसलो, तो माज नव्हता गं. सहा वर्षांनी तुला पहिलं वाक्य काय लिहायचं, तेच सुचेना. यादीला ईमेल करताना असलं काही सुचावं लागत नाही, म्हणून तो हट्ट धरला. चूक माझी. वास्तुशांतीला मी स्वतः यायला हवं होतं. चौदा तारखेला स्मिता आणि मी कुंकू-अक्षता घेऊन येतो. दार उघडशील ना?

ओरड, मार, पण आपलं म्हण.

तुझा,
श्याम


महाड, ९ डिसेंबर

चि. श्यामास,
अनेक आशीर्वाद.

पत्र मिळालं. चष्मा लावून दोनदा वाचलं.

त्या दिवशी एसटीत काय झालं, ते मी कोणालाच सांगितलेलं नाही. महाड सोडल्यापासून मी तुझ्याशी भांडत होते. सहा वर्षांचं साठलेलं सगळं, तोंडातल्या तोंडात. शेजारची बाई घाबरून दुसऱ्या सीटवर गेली. वडखळला गाडी थांबली आणि एकदम लक्षात आलं, की आता उलट बोलायला तू नाहीस. तिथे अशी रडले, की कंडक्टरने पाण्याची बाटली आणून दिली. तुला दारात बघितलं, तेव्हा तुझ्यापेक्षा मलाच माझा राग आला. म्हणून ते मयताचं बोलले. जीभच मेली तशी.

कुंकू-अक्षता घेऊन येऊ नकोस. स्मिताचे गुडघे एवढ्या प्रवासाने सुजतील. मीच लग्नाच्या पंधरा दिवस आधी येऊन राहते, बोलावलंस तरी आणि नाही बोलावलंस तरी.

फक्त इथे आळीत मी सांगितलंय, की भाऊ स्वतः आला, पाया पडला आणि हात धरून बोलावून गेला. लग्नात कोणी विचारलं तर हो म्हण.

जिवंत राहा, बाकी लोभ मी बघून घेईन.

तुझी,
आक्का