या, आत या

४ ऑक्टोबर, रविवार

पोहोचलो एकदाचे! तळ्याच्या काठी गाड्या उभ्या करण्यासाठी राखलेले हे मैदान छायाचित्रातल्यापेक्षाही देखणे निघाले. हंगाम सरल्यामुळे आमच्याखेरीज दुसरी गाडी नाही. एका बाजूला पाणी आणि त्याच्या कडेने माणसाला झाकतील एवढी उंच लव्हाळी. दुसऱ्या बाजूला नळ, विजेचे खांब आणि देखरेखीच्या बाईंची खोली. फोनला रेंज तेवढी त्या खोलीपाशीच मिळते. निवृत्तीनंतर हौसेने घेतलेले आमचे चाकांवरचे घर आता आठवडाभर एका जागी थांबणार. प्रवासाने अंग इतके आंबून गेले आहे की ‘थांबणे’ हा शब्दच मला आज गोड लागतो आहे. गाडी हेच चालवतात, मला येत नाही. पण मुकादमाचे अखंड रडणे ऐकणे हेही कष्टाचेच काम आहे.

मुकादम म्हणजे आमचा बोका. पोट पुढे काढून इतरांच्या कामावर नजर ठेवतो, म्हणून हे नाव. राई ही मांजरी. राईएवढी असताना आणली आणि अजूनही फारशी वाढलेली नाही. दोघांचे सगळे आयुष्य चौथ्या मजल्यावर गेले. गवत म्हणजे काय, हे त्यांच्या पायांना ठाऊक नाही. त्यांना बाहेरची हवा सुखरूपपणे कशी द्यावी, हा या प्रवासातला माझा खरा अभ्यासविषय आहे. आज दारे बंद. फक्त खिडकीच्या जाळीतून वास घ्यायचा. मांजराला नवी जागा आधी नाकाने कळते, मग कानांनी, आणि डोळ्यांनी सर्वांत शेवटी. हा क्रम मोडला की मांजर बिथरते.

हे म्हणाले, जन्मभर मुलांना व्याकरण शिकवलेस, आता मांजरांची शाळा काढलीस. मी म्हटले, मांजरे निदान वह्या फाडत नाहीत. तेवढ्यात मुकादमाने रस्त्यांचा नकाशा फाडला.

५ ऑक्टोबर, सोमवार

आज जाळीचा तंबू उभारला. तो गाडीच्या दाराला चेनने जोडता येतो, म्हणजे मांजर पायरीवरून थेट तंबूत उतरते आणि कोठेही फट राहत नाही. दाराला कापडी पडदा लावला आहे. तो नाकाने उचलून आत-बाहेर करायला राई लगेच शिकली. अंगपट्टे मात्र घरातच, खाण्याच्या वेळी घालून सवय करायची. पट्टा घातला की मुकादम आडवा पडतो आणि प्राण गेल्यासारखे करतो. त्याला हसायचे नाही, उचलायचेही नाही. वाट पाहायची.

सर्वांत महत्त्वाची गोष्ट म्हणजे परतीची हाक. ती ठरलेली हवी आणि एकच हवी. त्यासाठी नाव निरुपयोगी, कारण नाव दिवसभर कानावर पडून गुळगुळीत झालेले असते. आम्ही खाऊच्या डब्यावर चमचा वाजवतो आणि म्हणतो, ‘या, आत या’. आदरार्थी बहुवचन ही ह्यांची कल्पना. मुकादमसाहेबांना अरे-तुरे कसे करायचे म्हणून. औषध पाजायला किंवा आंघोळ घालायला ही हाक कधी मारायची नाही, आणि हाकेला जो येईल त्याला खाऊ मिळालाच पाहिजे. याला अपवाद नाही. एकदा जरी फसवले तरी हाक बाद होते.

संध्याकाळी ह्यांनी माझी रोजनिशी चाळली आणि विचारले, यात सारखे ‘हे’ आहे ते माझ्याबद्दल की टेबलाबद्दल? मला विषय मिळाला. समजावून सांगितले की भूतकाळात लेखनावरून खरोखरच कळत नाही. ‘हे आत आले’ असे लिहिले, तर नवराही आलेला असू शकतो आणि टेबलही. वर्तमानकाळात मात्र लपवाछपवी चालत नाही: नवरा असेल तर ‘हे आत आहेत’, वस्तू असेल तर ‘हे आत आहे’. हे म्हणाले, म्हणजे या घरात माझ्या मालकीचा एवढा एक ‘त’ आहे. तेवढा तरी सांभाळ बाई.

७ ऑक्टोबर, बुधवार

उत्तम प्रगती. सकाळी, कोणी कुत्री फिरवायला यायच्या आत, दोघांना तंबूत सोडले. राईने गवताचे पाते चाटून पाहिले. मुकादम पाय उचलून उचलून चालला, जणू जमीन ओली करून ठेवल्याबद्दल कोणाला तरी जाब विचारायचा आहे. मग मी पायरीवर उभी राहून डबा वाजवला आणि खणखणीत आवाजात हाक दिली. पडदा उचलला, राई आली. पडदा उचलला, मुकादम आला.

मग पडदा पुन्हा उचलला गेला.

वारा नव्हता. तंबूची चेन बंद होती, मी स्वतः तपासली. हे म्हणाले, तिसरा विद्यार्थी बाहेरून परीक्षेला बसला असेल, त्यालाही दे. मी हसून पायरीवर एक दाणा ठेवला. नियम तो नियम. राईने तो खाल्ला नाही. वळसा घालून गेली. दुपारी पाहिले तर दाणा नव्हता. मुंग्यांनी नेला असणार.

८ ऑक्टोबर, गुरुवार

देखरेखीच्या बाई नळ दुरुस्त करायला आल्या होत्या. जाताना म्हणाल्या, ताई, तेवढे डबा बडवून ‘या, या’ करणे सोडा. हाक मारायची तर नाव घेऊन मारा, नाहीतर शीळ घाला; इथे कुत्री आणणारेही शीळच घालतात. मी कारण विचारले. मला सर्व गोष्टींची कारणे लागतात. त्या पाना पुसत म्हणाल्या, नुसते ‘या’ म्हटले की कोणाला म्हटले ते कसे कळणार? तुम्हीच शिकलेल्या, तुम्हीच सांगा. आणि एकदा या म्हटले की मग नको कसे म्हणणार?

व्याकरणदृष्ट्या मुद्दा बिनतोड आहे. त्या वाक्यात कर्ता नाही.

परंतु अर्ध्यावर हाक बदलणे म्हणजे शिकवलेले सगळे पाण्यात घालणे. मी बदलली नाही. ह्यांनी मात्र शीळ घालण्याचा चंग बांधला. आयुष्यात त्यांना ती कधी जमली नाही. ओठांतून नुसती हवा जाते, फुस्स. बाई म्हणाल्या, साहेब, टायर तपासून घ्या. मी पोट धरून हसले. मला म्हणाले, तू तरी नावाने हाक मार एकदा, बघू. छत्तीस वर्षे मी ‘अहो’ म्हणत आले आहे. त्यांचे नाव घ्यायला माझी जीभ वळत नाही. आताही इथे लिहायला गेले आणि पेन थांबले.

बाई शनिवार-रविवार मुलीकडे जातात. खोलीला कुलूप असते.

९ ऑक्टोबर, शुक्रवार

मुकादम तंबूत उतरायला तयार नाही. पायरीवर बसून तंबूच्या कोपऱ्याकडे पाहतो. राई तंबूत गेली, पण त्याच कोपऱ्याकडे पाठ करून बसली, आणि मांजर नको असलेल्या गोष्टीकडे पाठ करत नसते. हे मला ठाऊक आहे. ओळखीच्या, निरुपद्रवी गोष्टीकडेच ते पाठ करते. म्हणजे तिला तिथे कोणी तरी ओळखीचे झाले आहे.

थकले आहे. झोप झाली की असे विचार येत नाहीत, आणि झोप होत नाही. ह्यांच्याही कंबरेच्या दुखण्याने उचल खाल्ली आहे. सोमवारी निघू म्हणाले. मी हो म्हटले, वाद घालायचे त्राण नव्हते.

हाक मारली. पडदा तीनदा हलला. दाणा ठेवला.

१० ऑक्टोबर, शनिवार

सकाळपासून तळ्यावर धुके. ह्यांनी तंबूची घडी घालायला घेतली आणि चेन उघडी राहिली. राई गेली. पट्टा अंगात नव्हता. पिवळट लव्हाळ्यांत तिची शेपटी दिसली आणि नाहीशी झाली.

धावत पाठलाग करायचा नसतो, मांजर आणखी दूर जाते. हे मी त्यांना दहा वेळा सांगितलेले. तरी निघाले. माझी चूक आहे, मीच आणतो म्हणाले. चष्मा पुसला, येतो म्हणाले, आणि धुक्यात शिरले.

मी डबा घेऊन पायरीवर उभी राहिले. वाजवत राहिले. या, आत या. या, आत या. हात भरून आला तरी थांबले नाही. लव्हाळ्यांतून वारा वाहत होता, फूस, फूस.

राई आली. चिखलाने माखलेली, पण धडधाकट. तिला उराशी धरून रडले.

मग पडदा उचलला आणि हे आले.

देवा, केवढा जीव भांड्यात पडला. मी म्हटले, बसा, कपडे बदला. पण कपडे कोरडे होते. चष्म्यावर धुके नव्हते. हे पुढच्या खुर्चीवर बसले. चहा घेतला नाही. बोलले नाही. दमले असतील.

११ ऑक्टोबर, रविवार, सकाळ

हे रात्रभर खुर्चीवर बसून राहिले. रोज त्याच मांडीवर झोपणारा मुकादम कपाटावर चढला आहे, उतरत नाही. राई माझ्या शालीत.

मी विनोद केला, शीळ जमली का म्हणून विचारले. हे हसले नाही.

दोन्ही वाक्ये पुन्हा वाचली — बोलले नाही, हसले नाही. नवऱ्याबद्दल ‘नाहीत’ लिहायला हवे होते. छत्तीस वर्षांत माझ्या हातून ही चूक झाली नव्हती. थकवा आहे. दुरुस्त करते म्हटले, पण पेन पुढे जाईना. वर्तमानकाळात तर ह्यांच्याबद्दल काही लिहायचेच नाही, असे ठरवले आहे.

दुपार

मांजरांना खायला घालायचे म्हणून डब्यावर चमचा वाजवला. मांजरे आली नाहीत.

हे आले.

माझ्यासमोर उभे राहिले आणि तळहात पुढे केला. नियम तो नियम — दाणा ठेवला. पुन्हा तळहात. पुन्हा. डबा रिकामा झाला तशी मी दोन्ही मांजरांना घेऊन मागच्या झोपायच्या भागात आले, सरकते दार लावले. डबा आणि चमचा बाहेर राहिले.

बाईंच्या खोलीला कुलूप. तिथवर जायचे तर त्या खुर्चीवरून जावे लागते.

संध्याकाळ

लव्हाळ्यांतून वारा. कालपासून तसाच — फूस, फूस — झाड मात्र हलत नाही, पान नाही —

वारा नाही.

शीळ आहे. न जमणारी. ह्यांची. कालपासून मला हाका मारत आहेत आणि मी वारा म्हणून —

जवळ येत आहे. मागच्या खिडकीपासून थोड्या अंतरावर. धुक्यात काही दिसत नाही. अहो म्हणून ओरडणार होते — पण बाई म्हणाल्या होत्या, नाव घेऊन.

घेतले. छत्तीस वर्षांत पहिल्यांदा, मोठ्याने, पूर्ण नाव घेतले. ओरडले, आत येऊ नका, आत येऊ नका.

शीळ थांबली. मग ह्यांचा आवाज, दमलेला, घाबरलेला — कोण आहे तिकडे? माझी बायको माझे नाव घेत नाही.

मी पुन्हा ओरडले. पावले लांब गेली. खिडकीपासून लांब, दाराच्या बाजूला —

सरकत्या दारापलीकडे डबा वाजला. चमच्याने, माझ्याच लयीत. आणि माझ्याच आवाजात —

अहो, या. आत या.

बाहेरून, केवढ्या सुटकेने — आलो गं, आलो.

हे दाराबाहेर आहेत.

हे दाराआत आहे.

पडदा उचल —