उत्तराच्या कार्डांना लावलेला टॅग

प्रति,
मा. व्यवस्थापक,
गणकयंत्र शाखा, बियाणे वितरण कार्यालय,
सिव्हिल लाइन्स, नागपूर.

विषय : कु. उत्तरा गजभिये, शिकाऊ प्रोग्रॅमर, हिच्यावरील ठपका काढून अर्जदाराच्या नावे घालण्याबाबत.

संदर्भ : तिला मिळालेला आपला मेमो (तिने घरी दाखवला नाही).

महोदय,

१. अर्जदार हा उत्तराचा बाप. त्याची उभी नोकरी एका कचेरीच्या रेकॉर्ड रूममध्ये गेली. सुटा कागद दिसला की आजही त्याचा हात शिवशिवतो, आणि इथेच सगळा घात झाला.

२. उत्तराने तपासणीसाठी आपल्या प्रोग्रॅमची कार्डे खोक्यात भरून घरी आणली होती. ती आंघोळीला गेली असता अर्जदाराने खोके उघडले. एवढी सरकारी कार्डे, आणि सगळी सुटी! प्रत्येकाचा एक कोपरा कापलेला दिसला. ही टॅग ओवण्याचीच खूण, असे अर्जदाराने आपल्या अकलेने ठरवले. कार्डांना आधीच इतकी भोके होती, की आणखी एकाने काही बिघडेल असे त्याच्या मनातही आले नाही. त्याने पंच काढला, प्रत्येक कार्डाला कोपऱ्याशी भोक पाडले, लाल टॅग ओवून गठ्ठे बांधले आणि शेजारचे मारोतराव यांना बोलावून दाखवलेसुद्धा.

३. उत्तरा बाहेर आली. तिने एक गठ्ठा उचलून पाहिला. मग हळूच म्हणाली, "बाबा, हे काहून केलं?" त्यावर अर्जदाराने तिला रेकॉर्ड ठेवण्याच्या शिस्तीवर व्याख्यान दिले. तिचे डोळे भरलेले पाहून आपल्या शिकवणीचे चीज झाले, अशी त्याची समजूत झाली. हे लिहिताना तोंड कुठे लपवावे कळत नाही.

४. पुढचे तिची सहकारी नीला घरी आली तेव्हा कळले. कार्डावरची भोके म्हणजेच अक्षरे आणि एकेक कार्ड म्हणजे प्रोग्रॅमची एकेक ओळ. अर्जदाराच्या भोकांनी ओळींचा अर्थ गेला, नवी कार्डे करायला वेळ नसल्याने तीच यंत्रात घालावी लागली, ती अडकून फाटली आणि शाखेची यंत्रावरची पाळी वाया गेली. नीला म्हणाली, "काकाजी, तिनं तुमचं नाव नाही घेतलं. माझ्याच हातानं खराब झाले म्हणून लिहून देल्लं." त्या लेखी कबुलीवरून तिला कायम न करता महिनाअखेर घरी बसवण्याचे ठरत असल्याचे समजते.

५. साहेब, तिची कबुली खोटी आहे. आमच्या वस्तीत गणकयंत्रावर काम करणारी ती पहिलीच मुलगी. तिला कायम करावे. शिक्षा म्हणून अर्जदारास निवृत्तीच्या वेळी मिळालेले टापटिपीचे प्रशस्तिपत्र रद्द करावे. हवे तर अर्जदार शाखेच्या दारात उभा राहून घडले ते सर्वांना सांगेल.

६. ती घरी एकदा जरी रागावली असती, तरी बरे वाटले असते. ती रोज डबा घेते, "येतो बाबा" म्हणते आणि निघते. मला तिच्याकडे मान वर करून पाहवत नाही.

आपला शरमिंदा,
नानाजी लहानूजी गजभिये
निवृत्त रेकॉर्ड कीपर, नंदनवन, नागपूर
दि. ९ फेब्रुवारी १९७९

सोबत : १. टापटिपीचे प्रशस्तिपत्र, रद्द करण्यासाठी.
२. पंच. परत नको.

ता. क. कागद सुटेच पाठवत आहे. टॅग लावण्याची हिंमत झाली नाही.