बंद खातं, उघडं खातं

२ फेब्रुवारी

जावयाने यादी पाठवली. न मागता!

मी मागितली नव्हती हे इथे लिहून ठेवतो, कारण उद्या घरात म्हणतील की मीच मागितली. निवृत्तीची रक्कम हातात येऊन आठवडा झाला नाही तोच यादी हजर. वर लाभांश देणाऱ्या कंपन्या, खाली पूल, बंदर, विजेच्या तारा, पाण्याचे प्रकल्प. कुठला शेअर कुठल्या खात्यात ठेवायचा तेही शेजारी लिहिलेलं. आणि शेवटी - "बाबा, सावकाश बघा. घाई नाही."

घाई नाही म्हणणाऱ्यालाच घाई असते. जन्मभर पाण्याचे मीटर तपासले मी. "साहेब, सावकाश तपासा, चहा घ्या" असं जिथे जिथे म्हणाले, तिथे मीटरला वळसा घालून गेलेला पाइप सापडला आहे.

ही म्हणाली, "पोराने आपुलकीने पाठवलंय." असेल. शेअर दलालाच्या कंपनीत नोकरी करणाऱ्याची आपुलकी. त्यावर किती टक्के सुटतात ते बघायला हवं.

४ फेब्रुवारी

हिला आज दोन्ही खाती समजावली. स्वतःसाठीही लिहितो, म्हणजे डोक्यात पक्कं बसेल.

एक बंद खातं. त्यात आलेल्या लाभांशावर टॅक्स नाही, पण पासष्टीपर्यंत हात लावायचा नाही. लावला की दंड. दुसरं उघडं खातं. त्यातून केव्हाही काढा, पण लाभांश आला रे आला की टॅक्सवाले दारात. म्हणून सरळ नियम - लाभांशवाले बंद खात्यात, तिथे त्यांना कोणी शिवत नाही. पूल-बंदरवाले उघड्यात. ते वाटत फारसे नाहीत, नुसते वाढतात, आणि विकेपर्यंत टॅक्सचा प्रश्न नाही.

ही रक्कम म्हणजे आमचं दोघांचं म्हातारपण. पगार संपला. पुन्हा कमवायचं वय राहिलं नाही. इथे चूक झाली तर लेकीच्या दारात जाऊन बसायचं, आणि लेकीच्या दारात म्हणजे जावयाच्या दारात! ते माझ्याच्याने होणार नाही.

ही लक्ष देऊन ऐकत होती. मधेच विचारलं, "उघड्या खात्यातला लाभांश थेट हातात येतो?" येतो म्हटलं. "कोणाला विचारावं लागत नाही?" कोणाला विचारणार? ज्याचं खातं त्याचा पैसा. पुन्हा भाजी निवडायला लागली. हुशार आहे, फक्त इतकी वर्षं कोणी समजावून सांगितलं नव्हतं.

९ फेब्रुवारी

टोलच्या पुलावर जाऊन आलो. यादीत पायाभूत सुविधांमध्ये पहिलं नाव त्या पुलाच्या कंपनीचं आहे. कंपनीचा अहवाल कंपनीच लिहिते! पुलावर गाड्या किती, ते पुलावर उभं राहूनच कळतं. न कळवता जायचं, हा माझा नोकरीतला पहिला नियम. कळवून गेलं की सगळे मीटर शहाण्यासारखे फिरतात.

टोलनाक्याजवळच्या टपरीवर बसलो. ट्रक भरपूर. पण दोन रांगा बंद. पहारेकऱ्याला विचारलं, "या रोज बंद असतात?"

"तुम्ही कोण?"

"शेअरहोल्डर." मग खरं सांगितलं - "होणारा."

त्याने मला नाक्यापासून लांब नेऊन सोडलं. दंडाला धरून! लपवण्यासारखं काही नसेल तर माणसाला दंडाला कशाला धरतील? पूल मात्र दणकट आहे. मान्य करायला हवं.

११ फेब्रुवारी

लाभांशवाल्या एका कंपनीच्या कचेरीत डोकावलो. लिफ्टमध्ये केवढा आरसा! हा खर्च कोणाच्या लाभांशातून?

१४ फेब्रुवारी

हिच्या भावाने माहेरचं घर विकलं आणि अर्धा वाटा हिच्या नावावर जमा केला. बरोब्बर अर्धा. न भांडता. इतका सरळ भाऊ मी अजून पाहिलेला नाही. कुठेतरी पाणी मुरतंय असं म्हटलं, तर ही उठून स्वयंपाकघरात गेली.

मग रात्रीच्या जेवणाला बसल्यावर म्हणाली, "माझे पैसे माझ्या नावावर ठेवते. आणि मला लाभांशवाले हवेत. उघड्या खात्यात."

मला हसूच आलं. सगळा नियम उलटा! म्हटलं, अगं टॅक्स लागेल.

"कसा लागेल? मला दुसरं उत्पन्न आहे कुठे? माझी एवढीशी मिळकत टॅक्सच्या रेघेखालीच राहते. मग बंद खात्यात कोंडून फायदा काय?"

घास हातातच राहिला. उठून तपासलं. बरोबर होतं! ज्याला दुसरी कमाई नाही त्याला उघड्या खात्यातही टॅक्स नाही. जावयाच्या यादीतही ही गोष्ट नव्हती. दहा दिवसांपूर्वी या बाईला लाभांश म्हणजे काय ते नीट ठाऊक नव्हतं! मला इतका अभिमान वाटला की दोनदा बोलून दाखवला. या घरात ही एकटीच अशी आहे की जिचा मीटर मला कधी उघडून बघावासा वाटला नाही.

१९ फेब्रुवारी

जावयाचा फोन. "बाबा, बघितली का यादी?" पुन्हा! घाई नव्हती ना?

२३ फेब्रुवारी

आज त्याच्या कंपनीत गेलो. न कळवता. तो जेवायला बाहेर पडला असेल अशा बेताने.

सरळ व्यवस्थापकाकडे. विचारलं, आमच्या खरेदीवर आमच्या जावयाला किती सुटतात? त्यांनी संगणकात बघितलं. म्हणाले, काहीच नाही. उलट त्याने अर्ज करून तुमच्या खात्यावरची दलाली माफ करून घेतली आहे.

आता हे तर जास्तच विचित्र! फुकट कोण काय करतं? मी तसं बोललो. ते म्हणाले, शंका असेल तर लेखी द्या, चौकशी करू. नियमच आहे तसा. मी लिहून दिलं. आरोप नाही केला, नुसती शंका. सही केली, खाली तारीख घातली. तोंडी शंकेला अर्थ नसतो.

बाहेर पडतो तर लिफ्टपाशी जावई. हातात डबा. "बाबा! तुम्ही? सांगितलं असतंत तर न्यायला आलो असतो." चेहरा खरोखर उजळला होता त्याचा. मी काम होतं म्हणून सांगितलं आणि जिन्याने उतरलो.

२५ फेब्रुवारी

लेकीचा फोन. आधी रडत होती, मग चिडली. चौकशी लागली म्हणून त्याची बढती अडवून ठेवली आहे. "त्याने रविवारचे रविवार बसून तुमच्यासाठी काढलं ते. आम्ही एवढं हौसेने बोलावलं, एकदा तरी आमच्याकडे नीट येऊन बसलात? येता ते असे! चोर पकडायला!"

मी विचारलं, मग तो फुकट का करतो?

मग म्हणाली, "आईला द्या फोन."

ही फोन घेऊन गच्चीत गेली आणि दार ओढून घेतलं. दार कशाला ओढायचं? वारा असेल.

रविवारी चिमणी येणार होती राहायला. नातीचं खरं नाव फार मोठं आहे, तिला सगळे चिमणीच म्हणतात. ती येणार नाही आता.

४ मार्च

चौकशी संपली. काही सापडलं नाही.

काही सापडत नाही तेव्हा दोन अर्थ असतात. एक तर काही नव्हतं, नाहीतर तपासणी कच्ची होती. माझ्या नोकरीत दुसराच अर्थ खरा निघायचा. हे हिला सांगितलं.

"तिसराही असतो," ही म्हणाली. "तुम्ही चुकलात. जाऊन त्याला तसं सांगा."

बघू म्हटलं.

"बघू नका. जा."

नाही गेलो. चिमणीचा छोटा कप फळीवर पालथा आहे. सकाळी चहा करताना दिसला आणि वाईट वाटलं. फार वाईट वाटलं. पण माफी मागायची म्हणजे काहीच नव्हतं हे मानायचं. आणि ते अजून कुठे सिद्ध झालंय?

८ मार्च

घरात बोलणं कमी झालंय. पण शेअरचं काढलं की ही बोलते, म्हणून मीही तेच काढतो. आज म्हणाली, "एखाद्या महिन्यात लाभांश आलाच नाही तर काय करायचं?"

चांगला प्रश्न! तिला सांगितलं, सगळ्या कंपन्या एकाच महिन्यात वाटत नाहीत. कोणी मार्चमध्ये, कोणी मेमध्ये, कोणी ऑगस्टमध्ये. नीट निवडल्या तर दर महिन्याला काही ना काही येतं. अगदी पगारासारखं! मग दिवसभर बसून तिला तशी मांडणी करून दिली. जिथे वाटलेला लाभांश नफ्यापेक्षा जास्त, ती कंपनी बाद. जिथे लाभांश एकदम वाढलेला, ती बाद - असा अचानक उदारपणा मला पटत नाही. जिने वाईट वर्षातही लाभांश कापला नाही, ती आत. वीजवाहिन्यांची एक कंपनी नियमित वाटते, तीही आत. खूप दिवसांनी इतकं बरं वाटलं.

तिने बोट फिरवत एकेक महिना वाचला. म्हणाली, "जमेल मग."

"काय जमेल?"

"म्हातारपण."

१२ मार्च

माझी खरेदी झाली. शेवटी जावयाच्या यादीतलेच घेतले, सगळे. बंद खात्यात लाभांशवाले, उघड्यात पूल आणि बंदर. उलटसुलट करून पाहिलं, खोट काढता आली नाही. मात्र घेतले दुसऱ्या दलालाकडून. त्याने सणसणीत दलाली लावली. तेव्हा कुठे जिवाला स्वस्थता आली! निदान किती घेतो ते तरी कळलं.

हिने स्वतःचं खातं स्वतः उघडलं आणि खरेदीही केली. कुठून, ते विचारलं नाही. तिला काय विचारायचं?

३० मार्च

पूल थोडा खाली आला. जाऊन बघितलं पाहिजे. आता तर मी खरा शेअरहोल्डर आहे.

१२ एप्रिल

ही लेकीकडे गेली. थोडे दिवस राहून येते म्हणाली. मीच म्हटलं जा, तेवढाच त्यांचा राग निवळेल. मोठी बॅग काढली तेव्हा विचारलं, एवढी कशाला?

"छोट्या बॅगेची चेन बिघडली आहे."

जाताना औषधांचा डबा कुठे आहे, गॅसवाल्याचा नंबर कुठे आहे, सगळं दाखवलं. मी काय लहान आहे? रिक्षात बसल्यावर म्हणाली, "नीट राहा हं." लेकीकडे तर निघाली होती, डोळ्यात पाणी कशाला आणायचं?

१६ एप्रिल

चेन दुरुस्त करून ठेवावी म्हणून छोटी बॅग काढली. चेन ठीक आहे. दोनदा पुढे-मागे करून पाहिली, कुठेही अडकत नाही.

बरेचदा होतं तसं. घाईत अडकते आणि माणसाला वाटतं बिघडली.

२३ एप्रिल

फोन केला. "चिमणीला बरं नव्हतं, अजून थोडे दिवस," म्हणाली. मागे चिमणी खदखदून हसत होती.

पोरं पटकन बरी होतात.

९ मे

आज तिचा फोन आला. या महिन्याचाही लाभांश जमा झाला म्हणाली. मी मांडून दिलेल्या महिन्यातच! मी अभिनंदन केलं. मग म्हणाली, लेकीच्या मागच्या गल्लीत एक खोली घेतली आहे. भाडं त्यातूनच भागतं. जावयाने सामान चढवून दिलं.

परत कधी येणार, ते विचारलं. रागात नव्हती. उलट फार दिवसांत इतकी शांत बोलली नव्हती.

"तुम्हीच या की. केव्हाही या," म्हणाली. "पण कळवून या."