मेंढ्याची मयत

३ मार्च १८३४
आज पोचलो. चार महिने जहाज आणि अकरा दिवस बैलगाडी, अंग आंबून गेलं होतं. उतरल्या उतरल्या गवतात लोळलो. सोबतीचा मर्टा हेनेबरी म्हणाला, ऊठ रे थेडी क्विल्टी, मेंढरं हसतायत तुला. मर्टा आमच्याच क्लेअर परगण्यातला, पन्नाशीचा. माझ्याआधी नऊ वर्षं काळ्या पाण्यावर आलाय. झोपडी एक, मेंढरं सहाशे, आणि महिन्याअखेरीस हजेरी घ्यायला येणारा मुकादम ब्लॅकमोर. बस्स. तुरुंग म्हणावा तर भिंतच नाही! अशी सात वर्षं मी नाचत काढीन.

मर्टानं विचारलं, काय चोरलंस? म्हटलं, जमीनदाराच्या कारभाऱ्याचं घर फोडून पिसांची गादी पळवली. मग सापडलास कसा? तिच्यावरच झोपलो होतो, रस्त्याकडेच्या चरात. मर्टा इतका हसला की चहा मांडीवर सांडला. न्यायाधीशानं विचारलेलं, पश्चात्ताप होतो का? मी म्हटलं, झोप झकास लागली. आजही तेच म्हणेन.

९ मार्च
टेकडीवर थडगं आहे. माझ्या जागी आधी होता तो म्हातारा फेस्टी, मर्टानंच पुरलेला. सगळा मुलूख उन्हानं पिवळा पडलाय, थडग्यावर मात्र गवत हिरवंगार. आणि आमची बादली. सकाळी ओढ्यावरून भरून ठेवतो, दुपारी बघावं तर रिकामी. दारापासून टेकडीपर्यंत ओली रेघ. म्हटलं, मर्टा, लबाडा, तूच ना? तो हसला नाही.

मग त्यानं सांगितलं, आणि मलाही ते घरून ठाऊक होतंच. दफनभूमीत जो शेवटी पुरला जातो, त्यानं तिथल्या बाकीच्या मेलेल्यांना पाणी वाहायचं, पुढची मयत येईपर्यंत. म्हणून तर एका दिवशी दोन मयती निघाल्या की खांदेकरी फाटकाकडे पळत सुटतात. आजीच्या मयतीत माझ्या चुलत्याचे दोन दात पडले, पण आजीला आधी आत घातलीच. इथं फेस्टी एकटा. प्यायला कुणी नाही, तरी काम सुटत नाही. त्याला सोडवणार कोण? मर्टा म्हणाला, मी. दुसरं आहेच कोण इथं.

१७ मार्च
संत पॅट्रिकचा दिवस, आमच्या मुलखाचा मोठा सण, आणि मर्टा तापानं अंथरुणाला. म्हणतो, भर दुपारी फेस्टी दारात येतो आणि फावड्याच्या दांड्यानं माझी उंची मोजतो. मी बाहेर पाहिलं. कुणी नाही. उंबऱ्यावर दोन ओली पावलं, बोटं आतल्या बाजूला.

माझं डोकंच फिरलं. जमीनदार झाला, न्यायाधीश झाला, मुकादम झाला, आता मेलेल्यानंही आमच्यावर हुकूम चालवायचा? टेकडीकडे तोंड करून ओरडलो, म्हाताऱ्या, हा माणूस तुला मिळायचा नाही!

१८ मार्च
युक्ती सुचली. काल एक मेंढा मेला होता. पोत्यात शिवला, फेस्टीशेजारी खड्डा खणला. मयत अगदी रीतसर केली. चिलीम फिरवली, मर्टानं माझ्या खांद्यावर रेलून गळा काढला. नावाशिवाय मयत लागू होत नाही. तो स्वतःचंच नाव घेणार होता, मी त्याचं तोंड दाबलं. मेंढ्याला माझं नाव दिलं. थेडी क्विल्टी, क्लेअरचा, वय बावीस! खच्चून ओरडलो. फेस्टीबाबा, सुट्टी झाली तुझी!

१९ मार्च
बादली काठोकाठ. ताप उतरला. मर्टानं तीन भाकऱ्या चापल्या, वर मटण. म्हणाला, लेका, तू मरणाच्या घरातसुद्धा खिडकीतून शिरशील. दोघं नाचलो.

२२ मार्च
दुपारी भानावर आलो तर टेकडीवर उभा. हातात रिकामी बादली. पायाशी गवत ओलं. कधी भरली, कधी आणली — आठवत नाही.

२४ मार्च
मर्टानं एकच ताट वाढलं. ओरडलो तेव्हा दचकला. म्हणाला, अरे, आहेस होय तू.

बादली लाथेनं फोडली. मी नाही कुणाचं पाणी वाहणार. संध्याकाळी पुन्हा टेकडीवर — ओंजळ भरलेली.

२७ मार्च
मर्टा माझ्या अंथरुणाशी बसून रडतोय. मी समोरच आहे. हात धरला त्याचा. त्यानं तो बाहीला पुसला, जणू ओलं लागलं —

२८ मार्च
पोतं उकरलं. आत मेंढा नाही. केस तांबडे. माझे —

नाही. ते मी नव्हे. लिहितोय ना मी? परत शिवलं पोतं.

३१ मार्च
ब्लॅकमोर आलाय. हजेरीची वही घोड्यावर. मी उभ्यानंच हे लिहितोय. त्या वहीत मी आहे. सात वर्षांची शिक्षा माझी आहे, एक दिवस सोडणार नाही कुणाला —

मर्टाचं नाव घेतलं. तो हो म्हणाला.

माझं घेतलं. हजर, म्हटलं. पुन्हा घेतलं. हजर! मर्टा टेकडीकडे बोट दाखवतोय. दाखवू नकोस, मर्टा, मी इथं आहे, तुझ्या शेजारी —

ब्लॅकमोरनं पेन्सिल काढली. मी नावावर पंजा ठेवलाय. पेन्सिल आरपार जातेय. जाऊ दे. खोड तू. मी ओरडत राहणार — थेडी क्विल्टी, क्लेअरचा, हजर, हजर, हज