उर्वशीच्या उंचीचं झाड

उर्वशीचे बाबा,

मी मोहगावले भावाकडे चालली. वरण-भात झाकून ठेवला आहे. आज वाट पाहू नका.

एक गोष्ट तोंडानं सांगवली नाही. पोरगी गेली त्या वर्षी तिनं फाटकाजवळ लावलेलं सायप्रसचं झाड पहिल्याच उन्हाळ्यात मेलं. आपल्याकडचं मे महिन्याचं ऊन त्याले सोसत नाही. तुम्ही संत्र्याच्या बगीच्यात होते, तेव्हा मी सावरगावच्या नर्सरीतून तसंच दुसरं आणून लावलं. मग दर उन्हाळ्यात शेंडे भुरे पडले का मी झाड बदलवत होती. पोरीची उंची मोजलेली सुतळी संग नेत होती, त्याच मापाचं आणत होती. पावसाळ्यात वाढलं का वरून छाटत होती.

तुम्ही आल्या-गेल्याले सांगता का पोरगी त्याच्यात आहे, म्हणून ते वाढत नाही. मी ऐकून चहा ठेवायले आत जात होती.

यंदा उन्हाळ्याच्या तोंडी माझा पाय मोडला. मी नर्सरीत गेली नाही, पावसाळाभर कातरही हाती धरली नाही. आज सकाळी सुतळी लावून पाहिली. झाड हिरवंगार आहे, अन् बरोबर तेवढंच आहे.

तुम्ही बदलवलं असन तर फोन करजा, मी सकाळच्या बसनं येतो. रागावणार नाही.

नसन बदलवलं तर मले काहीच सांगू नका. फक्त त्याले पाणी देत राहजा.

जयवंता